वॉकर म्हणजे चालणारा नव्हे



मागच्या भागात आपण ‘स्मिथ’ पाहिला. आज असं एक आडनाव घेऊया, ज्याचा अर्थ शाळेतलं पोरही चटकन सांगेल, आणि चटकन चुकेल. वॉकर!

माझी आणि या आडनावाची पहिली भेट बाबांच्या जुन्या ट्रंकेत झाली. त्यात त्यांनी इंद्रजाल कॉमिक्स जपून ठेवली होती. त्यातला फँटम, म्हणजे आपला वेताळ, जंगल सोडून शहरात निघाला की अंगावर लांब कोट, डोळ्यांवर काळा चष्मा आणि डोक्यावर हॅट चढवायचा. कोणी नाव विचारलं तर सांगायचा, मिस्टर वॉकर. जंगलातले लोक त्याला चालतं-फिरतं भूत म्हणतात, म्हणून वॉकर. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली वेताळाला जन्म दिला, तेव्हा त्याने ही गंमत जाणूनबुजून केली होती. मला मात्र ती अगदी खरी वाटली. वॉक म्हणजे चालणं, वॉकर म्हणजे चालणारा. विषय संपला.

पुढे बी.ए.ला इंग्रजी घेतलं, तरी हा समज काही हलला नाही. हलला तो कधी, तर नोकरीत ‘मुलतानी मातीचे फायदे’ असा लेख लिहायला मिळाला तेव्हा. चेहऱ्याला लावायची तीच आपली मुलतानी माती. पाकिटावर तिचं इंग्रजी नाव छापलेलं असतं, फुलर्स अर्थ. म्हणजे फुलरची माती. मला प्रश्न पडला, हा फुलर कोण? आणि याने चेहऱ्याला माती कशाला लावली?

तर त्याने चेहऱ्याला लावलीच नव्हती. तो ती कापडाला लावायचा. आणि या फुलरचाच सख्खा भाऊ म्हणजे आपला आजचा पाहुणा, वॉकर.

पाय आणि कापड

मध्ययुगीन इंग्लंड लोकरीवर जगत होतं. मेंढ्या, सूत, माग, कापड, व्यापार, सगळं लोकरीभोवती फिरायचं. पण मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड लगेच अंगावर घालण्याजोगं नसायचं. ते विरळ असायचं, धाग्यांमधून उजेड दिसायचा. शिवाय मेंढीच्या अंगचं तेल आणि सूत काततानाचं तेल यांनी ते चिकट झालेलं असायचं. ते स्वच्छ करायचं आणि घट्ट करायचं, अशी दोन कामं उरलेली असायची.

त्यासाठी कापड मोठ्या हौदात टाकायचे. त्यात पाणी ओतायचे, तेल शोषून घेणारी माती घालायचे, म्हणजे हीच आपली फुलर्स अर्थ. आणि आणखी एक गोष्ट ओतायचे. नाक धरा. साठवून आंबवलेलं मूत्र! मूत्र शिळं झालं की त्यात अमोनिया तयार होतो आणि अमोनिया तेलकटपणा कापतो. साबण महाग असण्याच्या काळात हा फुकटचा साबण होता.

मग माणसं त्या हौदात उतरायची. अनवाणी. आणि कापड तुडवायची, तासन् तास. ऊब, ओल आणि दाब मिळाला की लोकरीचे तंतू एकमेकांत गुंततात, कापड आटतं आणि जाड, उबदार होतं. थंडीत अंगावर वारा लागू न देणारं ते कापड अशा पायांखालून आलेलं असायचं.

हे तुडवणारे म्हणजे वॉकर.

जुन्या इंग्रजीत ‘वेआलकन’ असं एक क्रियापद होतं. त्याचा अर्थ लोळवणं, उलटसुलट करणं. कापड घोळवून तुडवणाऱ्याला त्यावरूनच नाव पडलं. ‘पायी चालणं’ हा अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटला. जर्मन भाषेत आजही ‘वाल्कन’ म्हणजे कापड तुडवून घट्ट करणं, आणि तिथेही या कामावरून आलेलं आडनाव आहे. म्हणजे वॉकर चालत होता खरा, पण कुठेच पोचत नव्हता. एकाच हौदात, एकाच जागी.

हे वाचताना मला एकदम आमचं अंगण आठवलं. दिवाळीच्या आधी आजी घरातल्या सगळ्या गोधड्या बाहेर काढायची. मोठ्या घमेल्यात सोड्याचं पाणी करायची आणि म्हणायची, “चाल, चढ.” मी आणि माझा चुलतभाऊ त्यात उभे राहून थयथय नाचायचो. पाणी काळंकुट्ट व्हायचं, पाय सुरकुतायचे, आणि आम्हाला वाटायचं की हा खेळच आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी हा खेळ खेळला असेल. म्हणजे आपण सगळे कधी ना कधी वॉकर होतोच की! (गोधडीला काही भागांत वाकळ म्हणतात. वाकळ आणि वॉकर ऐकायला जवळचे वाटतात, पण त्यांचं नातं काही नाही बरं का. उच्चार जुळले म्हणून शब्द नातेवाईक होत नाहीत.)

एक काम, तीन आडनावं

आता गंमत बघा. काम एकच, पण इंग्लंडच्या वेगवेगळ्या भागांत त्याला वेगवेगळे शब्द होते. उत्तरेत आणि मध्य भागात वॉकर. दक्षिण आणि पूर्वेकडे फुलर. नैर्ऋत्येला, डेव्हन आणि सॉमरसेटच्या बाजूला, टकर. तिन्ही शब्दांची आडनावं झाली. म्हणून एखाद्या कुटुंबाचं आडनाव टकर असेल, तर त्यांचे पूर्वज नैर्ऋत्येकडचे असण्याची शक्यता जास्त, आणि वॉकर असेल तर उत्तरेकडचे. एक्सेटर शहरात विणकर आणि टकर मंडळींच्या संघाची इमारत आजही उभी आहे. तिचं नावच टकर्स हॉल. ती १४७१ साली बांधली गेली.

यातला ‘फुलर’ सगळ्यात लांबून आला. त्याचं मूळ लॅटिनमध्ये आहे. रोमन काळात या कामगारांना ‘फुल्लो’ म्हणत. पाँपेई हे शहर ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं होतं. तिथे सापडलेल्या एका चित्रात टबात उभे राहून कपडे तुडवणारे कामगार दिसतात. या धंद्याला मूत्र इतकं लागायचं की सम्राट व्हेस्पासियनने त्यावर कर बसवला. त्याचा मुलगा टायटस याने नाक मुरडलं, तेव्हा सम्राटाने करातून आलेलं नाणं त्याच्या नाकाशी धरून विचारलं, याला वास येतो का? ही गोष्ट रोमन चरित्रकार स्वेटोनियसने लिहून ठेवली आहे. पैशाला वास येत नाही, हे सम्राटाचं म्हणणं. पण हौदात उभ्या असलेल्या माणसाला तो वास येतच होता. त्याचं नाव मात्र कोणी लिहून ठेवलं नाही.

तुडवून झाल्यावरही काम संपायचं नाही. ओलं कापड वाळताना आक्रसू नये म्हणून ते लाकडी चौकटीवर आकड्यांना अडकवून ताणून धरायचे. त्या आकड्यांना म्हणायचे टेंटरहुक्स. इंग्रजीत एखादा माणूस अस्वस्थपणे वाट पाहत असेल, तर तो टेंटरहुक्सवर आहे असं म्हणतात. आपण काय म्हणतो? जीव टांगणीला लागला! दोन भाषा किती लांबच्या, पण ताणून टांगलेल्या वस्तूकडे बघून दोघींना माणसाचा जीवच आठवला.

नाव टिकलं, काम गेलं

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. तोवर सामान्य माणसाला पिढ्यान् पिढ्या चालणारं आडनाव नव्हतं. गावात चार जॉन असले, तर एक रॉबर्टचा जॉन, एक टेकडीवरचा जॉन, एक लाल केसांचा जॉन आणि एक कापड तुडवणारा जॉन. तो जॉन वॉकर. पण त्याचा मुलगा सुतार झाला तर तो वॉकर राहीलच असं नव्हतं. नाव कामाबरोबर बदलायचं.

हळूहळू जमिनीचे व्यवहार, न्यायालयं आणि कर यांच्यासाठी माणसांची नावं कागदावर चढू लागली. १३७७, १३७९ आणि १३८१ साली इंग्लंडमध्ये डोईपट्टी बसवली गेली. त्या याद्यांमध्ये साध्यासुध्या माणसांची नावं आणि कित्येकदा त्यांचे धंदेही सापडतात. (तिसऱ्या वेळी लोक इतके चिडले की मोठा उठाव झाला. त्याच्या पुढाऱ्याचं नाव वॉट टायलर. टायलर म्हणजे कौलं घालणारा.) साधारण १४०० पर्यंत इंग्लंडमधल्या बहुतेक घरांची आडनावं पक्की झाली होती. बापाचं नाव मुलाला, मुलाचं नातवाला. मग नातू काहीही करो.

आता यातला विचित्र योगायोग बघा. पाण्यावर चालणाऱ्या गिरण्या तोपर्यंत आल्या होत्या. नदीच्या प्रवाहाने चाक फिरायचं आणि चाकाने मोठे लाकडी हातोडे कापडावर आपटायचे. इंग्लंडमध्ये अशा गिरण्यांची नोंद ११८५ सालापासून सापडते. म्हणजे वॉकर हे आडनाव लोकांना कायमचं चिकटत होतं, त्याच काळात वॉकरचे पाय हौदातून बाहेर पडत होते! उत्तरेत या गिरण्यांनाही लोक वॉक-मिलच म्हणत राहिले. पाय गेले, शब्द राहिला.

या हातोड्यांचा आवाज किती भयंकर असेल, हे कळायला ‘डॉन किहोते’ ही स्पॅनिश कादंबरी आठवावी. तिचा पहिला भाग १६०५ साली आला. त्यात आपले शूर डॉन किहोते आणि त्यांचा सेवक सांचो काळोख्या रात्री रानात अडकतात. जवळच कुठेतरी धाड, धाड असा आवाज येत असतो. राक्षसाशी गाठ पडणार या कल्पनेने रात्र जाते. सकाळी पुढे जाऊन बघतात, तर कापड घट्ट करणाऱ्या गिरणीचे सहा हातोडे! सांचोला हसू आवरत नाही आणि मालकाचा मार खावा लागतो.

सगळीकडे गिरण्या पोचल्या असं मात्र नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांवर विसाव्या शतकापर्यंत बायका हे काम हातांनी करत होत्या. लांब फळीभोवती समोरासमोर बसायचं, ओलं ट्वीड कापड फळीवर आपटत शेजारणीकडे सरकवायचं, आणि लय सुटू नये म्हणून गाणी म्हणायची. एकीने ओळ उचलायची, बाकीच्यांनी धरायची. प्रेम, विरह, बुडालेल्या होड्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चहाड्या, सगळं त्या गाण्यांत. आपल्या जात्यावरच्या ओव्यांचीच जातकुळी. दळण संपलं तशी ओवी मागे पडली, आणि कापड आपटणं थांबलं तशी ती गाणी. आता ती ऐकू येतात ती रेकॉर्डिंगमध्ये आणि कार्यक्रमांत.

नाव कुठे कुठे गेलं

वॉकर आज इंग्लंडमधल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावांपैकी एक आहे. अर्थ मात्र बहुतेकांच्या ध्यानातही नसतो. स्कॉटलंडमधल्या किल्मार्नॉक गावात १८२० साली जॉन वॉकर नावाच्या तरुणाने किराणा दुकान चालवायला घेतलं. त्याच्या नावाची व्हिस्की पुढे जगभर गेली. १९०८ मध्ये त्या बाटलीसाठी चित्रकार टॉम ब्राऊन याने एक चित्र काढलं. झपाझप चालत निघालेला, हातात काठी घेतलेला, रुबाबदार माणूस. वेताळाच्या निर्मात्यासारखंच इथेही सगळ्यांनी चालणारा असाच अर्थ धरला. हौदातला अनवाणी माणूस चकचकीत बूट घालून बाहेर आला म्हणायचा!

पण या नावाचा सगळाच प्रवास असा मजेचा नाही. अमेरिकेत हजारो कृष्णवर्णीय कुटुंबांचं आडनाव वॉकर आहे. त्यांचे पूर्वज यॉर्कशरमध्ये कापड तुडवत नव्हते. त्यांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलं गेलं. तिथे त्यांची स्वतःची नावं पुसली गेली आणि गुलामगिरीच्या त्या जगातूनच इंग्रजी आडनावं त्यांच्या वाट्याला आली. १९८३ साली कादंबरीसाठी पुलित्झर पारितोषिक मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका ॲलिस वॉकर यांच्या नावातही इंग्लंडमधला तो जुना शब्द आहे.

आणखी एका वॉकर बाईंची गोष्ट मला विसरता येत नाही. सारा ब्रीडलव्ह. जन्म १८६७, लुइझियाना. आई-वडील गुलामगिरीतून नुकतेच सुटलेले. सातव्या वर्षी पोरकी, विसाव्या वर्षी विधवा, पदरात लहान मुलगी. पोटासाठी ती कितीतरी वर्षं लोकांचे कपडे धूत होती. नंतर तिने केसांची निगा राखणारी उत्पादनं विकायला सुरुवात केली. १९०६ मध्ये तिने चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी लग्न केलं आणि धंद्याला नाव दिलं मॅडम सी. जे. वॉकर. लग्न पुढे मोडलं, पण नाव तिने सोडलं नाही. त्याच नावाने ती अमेरिकेतल्या सर्वांत यशस्वी उद्योजिकांपैकी एक झाली. आपण एकेकाळी कपडे धूत होतो हे ती भर सभेत सांगायची. वॉकर या शब्दात कापड धुणाऱ्यांचा घाम आहे हे तिला ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. पण हे नाव इतकं शोभून दिसलेलं दुसरं माणूस मला तरी सापडलं नाही.

आणि आपण

आता थोडं घरचं बोलते. माझं आडनाव रंगारी.

मागच्या वर्षी नोकरीसाठी पुण्यात खोली शोधत होते. एका काकूंशी फोनवर सगळं ठरत आलं होतं. भाडं, पाणी, रात्री किती वाजेपर्यंत यायचं, सगळं. शेवटी त्यांनी विचारलं, “आडनाव काय म्हणालात?” मी सांगितलं. थोडा वेळ शांतता. मग, “रंगारी म्हणजे नक्की कोण हो?” मी म्हटलं, कपडे रंगवणारे असतील पूर्वी. “तसं नाही. म्हणजे तुमच्यात...” वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. “बरं, कळवते मी,” म्हणाल्या. फोन काही आला नाही.

इंग्लंडमध्ये कापड रंगवणाऱ्यावरून आलेली आडनावं आहेत, डायर आणि लिस्टर. तिथल्या डायरला कोणी विचारत नाही की तुमच्यात म्हणजे काय. तिथेही भेदभाव आहेत, उच्चनीच आहे. ॲलिस वॉकर यांच्या पूर्वजांनी काय भोगलं ते आत्ताच आपण पाहिलं. पण धंद्यावरून आलेल्या या नावाने निदान एक केलं. काम लक्षात ठेवलं आणि माणसाला सोडून दिलं. वॉकरचा नातू सुतार झाला, पणतू पाद्री झाला, त्याच्या हौदाचा वास त्यांच्या मागे लागला नाही. आपल्याकडे आडनाव विचारलं जातं, ते बरेचदा तो वास शोधायलाच.

त्या रात्री मी गावी आजीला फोन केला. भंडाऱ्याजवळ आमचं गाव. विचारलं, “आजी, आपल्याकडे खरंच कोणी कपडे रंगवायचं का गं?”

आजी हसली. म्हणाली, “मले का मालूम बाई. माह्या सासऱ्यानं त जनमभर धानच लावला. रंगाचा डब्बाबी नाही पायला कोनी.” मग थोडं थांबून म्हणाली, “पन कोनी तरी रंगवलं असन ना. उगाच का नाव पडते?”

आजीचं हे बोलणं मला पटलं. कोणीतरी रंगवलं असेल. कोपरापर्यंत हात निळे-तांबडे झाले असतील, आणि ते घालून कोणीतरी दुसरंच मिरवलं असेल. त्या माणसाचं चित्र नाही, पत्ता नाही. एक आडनाव तेवढं आहे, आणि ते माझ्याकडे आहे. आता कोणी “रंगारी म्हणजे कोण?” विचारलं, तर मी कापड कसं रंगवत असत तेच सांगायला लागते. ऐकणारा कंटाळतो, पण पुढचा प्रश्न विचारत नाही.

तर वाचकहो, या आठवड्यात एक काम करा. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा, आपल्या आडनावातलं काम शेवटचं कोणी केलं होतं? उत्तर मिळालं तर लिहून ठेवा, आणि मलाही कळवा.

पुढच्या भागात वेबस्टर, ब्रूस्टर आणि बॅक्स्टर. या तिन्ही आडनावांच्या शेवटी एक बाई लपलेली आहे. ती कोण, ते तेव्हाच सांगेन. भेटूया!